होमगार्डचा फॉर्म भरावा का?

पक्या होमगार्ड भरतीचा फॉर्म भरणार, एवढं कळायचा अवकाश, कट्ट्याचे दोन तट पडले. एका तटावर बापू, म्हणजे निवृत्त हवालदार. त्यांच्या मते होमगार्ड हा पोलिसांचा हातभार, पोलीस नव्हे. दुसऱ्या तटावर नायक. ते पथकात पलटण नायक आहेत आणि ठाण्यात होमगार्डला कुणी ‘ए, इकडं ये’ म्हटलेलं त्यांना खपत नाही. ताई महिला होमगार्ड आहेत, वकीलसाहेब दोन्ही बाजूंनी बोलतात. जे बोलणं झालं ते खाली जवळपास जसंच्या तसं, शिव्या गाळून.

बापू : आधी हे डोक्यात घे पक्या, ही नोकरी नाही. पगार नाही, पेन्शन नाही. बोलावलं तर काम, काम तर मानधन. संघटनेचं ब्रीदच ‘निष्काम सेवा’. 6 डिसेंबर 1946 ला मुंबईत सुरू झाली तेव्हा दंगलींचा काळ होता, मोरारजीभाई गृहमंत्री होते. नागरिकांनी आपला धंदा सांभाळून पोलिसांना मदत करावी, एवढीच कल्पना.

नायक : कल्पना 1946 ची, बंदोबस्त आजचा. गणपती, नवरात्र, निवडणूक, परीक्षा, यात्रा. होमगार्ड काढून घ्या आणि विसर्जनाचा एक मार्ग चालवून दाखवा.

ताई : आणि निष्काम म्हणजे फुकट नव्हे. हिमाचलच्या होमगार्डांच्या प्रकरणात 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कायम करता येणार नाही, पण दिवसाचा भत्ता असा ठेवा की 30 दिवसांची बेरीज पोलिसाच्या किमान पगाराइतकी होईल.

हिशेब वकीलसाहेबांनी लगेच मांडला. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 मध्ये दिवसाचा कर्तव्य भत्ता 570 वरून 1083 रुपये झाला. त्याचे तीस दिवसांचे 32,490. शिपायाचा सुरुवातीचा मूळ पगार 21,700, त्यावर तेव्हाचा महागाई भत्ता धरला की आकडा साधारण तिथेच जातो. म्हणजे दर बरोबर आहे. पण बोलावणं वर्षभर रोज येत नाही. शंभर दिवस आलं असं धरा : 1,08,300. बाराने भागलं की महिन्याला 9,025.

बापू : बघ. यावर घर चालत नाही.

नायक : कोण म्हणतंय चालतं? ज्याचं दुकान आहे, शेती आहे, रिक्षा आहे, त्यानेच यावं. दुसरं उत्पन्न नसलेला पोरगा इथे आला की वर्षभर फोनकडे बघत बसतो आणि ड्यूटी लावणाऱ्याच्या मागे फिरतो. तिथून वशिला सुरू होतो.

इथे दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. पक्याचा रोख मात्र दुसराच होता. तीन वर्षं होमगार्ड केलं की पोलीस भरतीत पाच टक्के जागा राखीव, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं.

ताईंनी त्याला वय विचारलं. सव्वीस, खुला प्रवर्ग. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं : राखीव जागेसाठी तीन वर्षांची सेवा पूर्ण लागते, ती होईपर्यंत एकोणतीस. पोलीस भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 28, मागास प्रवर्गाला 33. म्हणजे याच्या बाबतीत तो दरवाजा उघडायच्या आधीच बंद. आणखी एक खड्डा आहे, त्यात दरवर्षी पोरं पडतात. होमगार्डला पुरुषांची उंची 162 सेंटीमीटर चालते, पोलिसांना 165 लागते. छाती न फुगवता इथे 76, तिथे 79. महिलांना इथे 150, तिथे 155. एकशे त्रेसष्ट उंचीचा मुलगा तीन वर्षं घासतो आणि पोलीस भरतीच्या मैदानात टेपखाली बाद होतो. वनविभाग आणि अग्निशमन दलातही होमगार्डला आरक्षण आहे, पण तिथल्या अटी तिथल्या जाहिरातीत वाचायच्या, कट्ट्यावर ऐकायच्या नाहीत.

खुद्द होमगार्डची भरती सोपी म्हणावी अशी : दहावी पास, वय 20 ते 50, पुरुषांना 1600 मीटर धावणं आणि 7.260 किलोचा गोळा, महिलांना 800 मीटर आणि 4 किलोचा. आपल्या हद्दीच्या पथकातच अर्ज करता येतो. एनसीसीचं ‘बी’ किंवा ‘सी’ प्रमाणपत्र, आयटीआय, जड वाहनाचा परवाना यांचे जादा गुण मिळतात, आणि अनेक जण ते कागद घरी ठेवून येतात. खासगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत पत्र लागतं. नायकांच्या मते खरी चाळणी हीच. सही मालक करून देतो, पण नवरात्राचे नऊ दिवस सलग सुट्टी मागितली की त्याचा चेहरा बदलतो. ते बोलणं सहीच्या आधीच करून घ्यायचं.

मग गाडी मूळ भांडणावर आली : होमगार्डला अधिकार आहेत का?

बापू : नाहीत. गाडी अडवून चावी काढून घेणारे होमगार्ड बघितलेत ना चौकात? कुणी दिला अधिकार?

वकील : चावी काढायचा म्हणाल तर कुणालाच नाही, हवालदारालाही नाही. पण बाकी तुमचं चुकतंय. 1947 चा होमगार्ड कायदा बघा. कलम 4 खाली बोलावलं, की कलम 5 प्रमाणे त्या सदस्याला पोलीस अधिकाऱ्यासारखेच अधिकार आणि संरक्षण. बोलावलेलं नसेल तर तो आणि पानवाला सारखेच. आणि पोलिसांच्या मदतीला दिला असेल तर नियंत्रण पोलीस अधिकाऱ्याचं.

नायक : ऐका बापू.

वकील : तुम्हीही ऐका. अधिकार आहेत म्हणजे सगळे वापरायचे असं नव्हे. वाहतुकीचा दंड ज्या हुद्द्यांना सरकारने अधिसूचनेने दिलाय त्यांनीच घ्यायचा, त्यांत होमगार्ड बसत नाही. त्याने गाडी हाताने थांबवायची, बाजूला घ्यायची आणि पुढचं काम दंडाची पावती फाडणाऱ्या मशीनवाल्या अंमलदारावर सोडायचं. पैशाला हात लावायचाच नाही. होमगार्ड कायद्याने लोकसेवक आहे. कुणी अंगावर आला तर पूर्वीच्या दंड संहितेचं कलम 353, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 132 त्याच्या बाजूने उभं राहतं. आणि त्याने पन्नास रुपये घेतले तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाही त्याच लोकसेवकपणामुळे त्याच्यावर येतो.

माझ्या मते दिवसभरातलं सगळ्यात कामाचं वाक्य वकीलसाहेबांचंच : बोलावलेलं नसेल तर तो आणि पानवाला सारखेच. कारण सगळंच एका गोष्टीवर टांगलेलं आहे : त्या दिवशी, त्या वेळी, त्याला बोलावल्याची नोंद आहे की नाही. अधिकार त्यावर, संरक्षण त्यावर, भत्ता त्यावर. पाय मोडला तरी पहिला प्रश्न ‘ड्यूटीवर होता का?’ हाच येणार. घरी जाताना गणवेशात भांडण सोडवायला घुसलेला होमगार्ड म्हणूनच सगळ्यात अडचणीत असतो. लोकांना खाकी दिसते, कागदावर तो कुठेच नसतो.

नायकांनी यावर पक्याला पद्धत सांगितली. ठाण्यात पोचल्यावर आधी हजेरी. नाव आणि सनद क्रमांक, म्हणजे होमगार्डचा सदस्य क्रमांक, स्वतः बघून घ्यायचा, दुसऱ्याला ‘माझी मांड रे’ म्हणायचं नाही. पॉइंट, म्हणजे उभं राहायची जागा, कुठला, त्या भागाचा सेक्टर अधिकारी कोण, बदली कोण आणि किती वाजता, हे तिथल्या तिथे वहीत. होमगार्डच्या हातात वायरलेस नसतो, म्हणून सेक्टर अधिकाऱ्याचा आणि शेजारच्या दोन पॉइंटवाल्यांचा नंबर मोबाइलमध्ये. सुटताना पुन्हा नोंद. पॉइंट मध्येच बदलला तर ज्याने बदलला त्याचं नाव आणि वेळ लिहायची. जुन्या पॉइंटवर काही घडलं तर तो माणूस ‘मी असं म्हटलोच नाही’ म्हणू शकतो.

बापू : हे बाकी खरं. आणि मानधन अडकतं तेही इथेच. सनद क्रमांकात एक आकडा चुकतो, नाहीतर बँक दुसऱ्या बँकेत विलीन होऊन आयएफएससी बदलतो आणि पठ्ठ्या पथकात कळवत नाही. कधी ठाण्याकडून हजेरीचं प्रमाणपत्रच उशिरा जातं.

ताई : आणि कधी वरून अनुदानच येत नाही, ते सोयीस्कर विसरलात.

बापू त्यावर काही बोलले नाहीत.

लहान शहराचा त्रास वेगळाच. मुंबईत होमगार्डला कुणी ओळखत नाही. इथे मिरवणुकीतला निम्मा जमाव ओळखीचा असतो, मंडळाचा अध्यक्ष गल्लीतला, डीजेवाला शाळेतला मित्र. रात्री दहाला आवाज बंद करा म्हणायचं कुणी? नायकांचं मत, होमगार्डने आपल्याच गल्लीतला पॉइंट घेऊ नये, सांगून बदलून घ्यावा. बापूंचं मत उलटं : ओळखीचा माणूसच दोन शब्दांत काम करतो, अनोळख्याला काठी लागते. वकीलसाहेबांनी तोड काढली. ओळखीच्या ठिकाणी विनंती करायची ती होमगार्डने, नियम सांगायचा आणि नाव लिहायचं ते अंमलदाराने. आवाज मोजायचं यंत्रही त्याच्याकडेच असतं.

पण गर्दीच्या बाबतीत बापूंसमोर कुणी बोलत नाही. दोर कमरेच्या उंचीवर धरायचा. गळ्याच्या उंचीवर आला तर रेटा आल्यावर तोच फास होतो, मनगटाला गुंडाळला तर हात सुटत नाही. मिरवणुकीत सगळ्यात वाईट जागा ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधली. पोरं तिथून आरपार पळतात आणि चालकाला मागचं चाक दिसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना चाकाशी एकेक माणूस, आणि तो नाचणाऱ्यांकडे तोंड करून नव्हे, चाकाकडे तोंड करून. वरच्या तारा उचलायला बांबू घेणाऱ्याला थांबवायचं. भिजलेल्या बांबूतून वीज उतरते. तार आड आली तर मिरवणूक थांबेल, महावितरणचा माणूस येईपर्यंत.

एका चौरस मीटरात पाचाच्या वर माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायाने चालत नाही, जमाव नेईल तिकडे जातो. अशा वेळी मागून रेटा थांबवायचा असतो, पुढच्यांना ‘मागे व्हा’ ओरडून उपयोग नाही, त्यांना मागे जागाच नसते. शेपटाकडच्या पॉइंटला फोन करून येणारे अडवायचे आणि पुढे बाहेर पडायची वाट मोकळी करायची. वाईजवळ मांढरदेवीला जानेवारी 2005 मध्ये अडीचशेहून जास्त माणसं गेली. चिंचोळी चढणीची वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, खाली पडलेल्यांवर मागचे. म्हणून यात्रेच्या पॉइंटवर गेल्यावर आधी पायाखालची जमीन बघायची. ओली असेल तर माती टाकून घ्यायची, हे काम गर्दी व्हायच्या आधीचं.

पक्या : आणि चोर सापडला तर?

वकील : धर, पण एकट्याने झडती घेऊ नकोस. चोरलेली वस्तू त्याच्या खिशात असेल तर तिथेच राहू दे, पंचनाम्यात निघू दे. वेळ लिही, लगेच जवळच्या अंमलदाराच्या ताब्यात दे. ड्यूटीवर नसशील तर साध्या नागरिकासारखं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याला सहा तासांची मर्यादा आहे. बाई असेल तर महिला कर्मचारी येईपर्यंत घेरून उभं राहायचं, हात लावायचा नाही.

ताईंनी मग विषय काढला जो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. बारा तासांच्या पॉइंटवर बाईने लघवीला जायचं कुठे? उत्तर नसतं, म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, मग चक्कर येते आणि आठवड्याने लघवीचा जंतुसंसर्ग. त्यांचा सल्ला सरळ आहे : पॉइंट वाटतानाच जवळची शाळा, बँक किंवा दवाखाना कुठला, किल्ली कुणाकडे, हे विचारून घ्यायचं, लाजायचं नाही. महिलांना दोघींची जोडी मागायची, म्हणजे एक जाऊन येईपर्यंत पॉइंट रिकामा दिसत नाही. पाण्याच्या लिटरच्या बाटलीत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचाच चमचा. हे पुरुषांनीही करावं. चहावर रात्र काढणाऱ्यांच्या पायात पहाटे गोळे येतात आणि मग ते दोरीला टेकून झोपतात.

निवडणुकीचं नायकांनी थोडक्यात उरकलं. मतदान केंद्राच्या शंभर मीटरच्या आत प्रचार नाही, यावर लक्ष ठेवायचं, पण खोलीच्या आत केंद्राध्यक्षाने बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मतदाराची चिठ्ठी वाचून दाखवणं, म्हाताऱ्या माणसाला यंत्रापर्यंत नेणं, असली मदतही नको, उमेदवारांचे प्रतिनिधी लगेच हरकत घेतात. आणि स्वतःचं मत? दुसऱ्या मतदारसंघात ड्यूटी लागली तर टपाली मतपत्रिकेचा नमुना 12 मुदतीत भरून द्यावा लागतो. त्याच मतदारसंघात असेल तर नमुना 12-अ भरून प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे जिथे ड्यूटी तिथल्या केंद्रावर मत देता येतं.

‘किती जण भरतात?’ पक्याने विचारलं.

‘आदेश हातात पडतो तेव्हा आठवतं सगळ्यांना,’ नायक म्हणाले. ‘मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लागतो त्यात. आत्ताच काढून ठेव.’