'ग्रुपवर टाका, झालं' म्हणणाऱ्या भाऊंना

पावसाळा लागला की तापीकाठच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: 'पूर असो की आग, ग्रुपवर टाका, दोन मिनिटांत गाव जागं होतं. ते सरकारी अलर्ट म्हणजे नुसता भोंगा. अन् मदतीचा तो 112 नंबर तर नवी मुंबईला लागतो, त्यांना आपलं गाव काय कळणार?'

गाव जागं होतं, खरं आहे. 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ परधाड्याला पुष्पक एक्सप्रेसचा डबाही असाच जागा झाला होता. आगीची आवई उठली, लोकांनी खाली उड्या टाकल्या, शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. आग नव्हतीच.

आता तापीवरच्या हतनूर धरणाचा आपला लाडका मेसेज घ्या: 'हतनूरचे 41 दरवाजे उघडले.' तारीख नाही. अर्ध्या मीटरने उघडले की पूर्ण, तेही नाही. फोटो बहुधा मागच्या साली पाहिलेलाच. चुकून आकडा दिलाच, तर एकजण क्युसेक (सेकंदाला घनफूट) लिहितो, दुसरा क्युमेक (सेकंदाला घनमीटर). 1 क्युमेक म्हणजे 35 क्युसेकहून थोडं जास्त! नदीतली मोटार काढायची की गोठा रिकामा करायचा, ते या एका अक्षरावर ठरतं. शिवाय तापी काही जिल्ह्याची हद्द पाहून थांबत नाही. मध्य प्रदेशातून येते, हतनूरवरून सारंगखेडा, प्रकाशा करत गुजरातेत उकाईला जाते. वरच्याने आपल्या मापात निरोप धाडला तर खालच्याने काय समजावं?

'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' हा इशाऱ्याचा साचा याच दुखण्यावर आहे. धोका कसला, किती गंभीर, खात्री किती, कुठे, कधीपर्यंत, असे ठरलेले रकाने. आपल्या देशाची इशारे देणारी 'सचेत' यंत्रणा याच साच्यावर चालते. मला त्यातला 'कधीपर्यंत' सगळ्यात मोलाचा वाटतो. ग्रुपवरचा मेसेज मरतच नाही हो.

भोंग्याचं म्हणाल, तर 2023 च्या जुलैत फोन किंचाळले ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. टॉवर आपल्या पट्ट्यातल्या फोनना एकदम सांगतो. त्याला ना कुणाचा नंबर लागतो, ना इंटरनेट. सातपुड्यातल्या ज्या पाड्यावर टॉवरच नाही तिथे तो मुका, हे कबूल. पण तुमचा ग्रुपही तिथे मुकाच. तिथे वायरलेस हवा, आणि पोलिसांचं बोलणं वनखात्याच्या संचावर ऐकू यायला हवं. न्यूयॉर्कला 11 सप्टेंबर 2001 ला पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून इशारा दिला गेला, तो अग्निशमनच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचलाच नाही.

राहिला 112. फोन नवी मुंबईला लागतो, बरोबर. तिथून निरोप जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला आणि पोलिसांच्या गाडीला जातो. 'पिंप्री' म्हटलं की ते विचारतात, तालुका कोणता, खुर्द की बुद्रुक? आपल्याला राग येतो. ग्रुपवर असलं कुणी विचारत नाही. 'पिंप्रीत पाणी घुसलं' एवढंच येतं, आणि साऱ्या पिंप्र्यांची माणसं एकमेकांना फोन लावत बसतात, आपलीच का रे?