मीटिंग सहाची, म्हणजे सव्वासातची

आमच्या गळ टाकणाऱ्यांच्या क्लबची मीटिंग सहाची. मी येडा, सहाला हजर. साडेसहाला कुलूप निघतं, सातनंतर अध्यक्ष येतात, मग 'चहा सांगा की ओ!' इथून कामकाज सुरू.

काल विषय एकच होता. रोहू-कटला हे मासे पावसाळ्यात अंडी सोडतात, तर जुलै-ऑगस्टमध्ये आपण गळ बंद ठेवायचे का? हात वर करा, मोजा, संपलं. पाच मिनिटांचं काम. पण नाही! एका काकांना हिप्परग्याच्या तलावातली मरळ आठवली. मागच्या मीटिंगला ती तीन किलोची होती, काल पाचची झाली. (कढईत गेलेली मरळ वाढते कशी, सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.) तिच्यावरून गाडी उजनीच्या चिलापीवर, तिथून वर्गणी कुणी थकवली यावर, आणि शेवटी हुरडा पार्टीवर. हुरडा! जूनमध्ये!

इतिवृत्तात चार ओळी, त्यातल्या दोन चहाच्या बिलाच्या. आणि ठराव? 'पुढील सभेत घेण्यात येईल.' पुढची सभा सप्टेंबरात. तोवर जरा दम धरा म्हणून माशांना कळवा की ओ कुणीतरी!