फाईल बाजूला ठेवा, चुंबकांची पेटी उघडा

सप्टेंबर जवळ आला की तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंगला रांग लागते. जिल्हा शिक्षक पुरस्काराचे प्रस्ताव तयार होत असतात. पेपरातली कात्रणं, वृक्षारोपणाचे रंगीत फोटो, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं, सरपंचांचं शिफारसपत्र, आणि फाईल जितकी जाड तितका शिक्षक मोठा. राष्ट्रीय पुरस्कारात २०१८ पासून शिक्षकानं स्वतःच पोर्टलवर आपलं नाव भरायचं, पुरावे अपलोड करायचे, मग जिल्हा समिती, राज्य समिती आणि शेवटी दिल्ली. वशिला नसलेल्यालाही दार उघडावं हा हेतू चांगलाच होता. पण त्या दारातून आधी आत जातो तो ज्याला कागद सजवता येतो. विज्ञानाचा मास्तर तर सहसा त्यातला नसतो. त्याच्या शर्टाला आयोडीनचे डाग असतात आणि फोटो काढायचा राहून गेलेला असतो.

माझं म्हणणं असं : विज्ञान शिक्षकांसाठी पुरस्कार वेगळा ठेवा, आणि तो प्रयोगशाळेत उभं राहून, मुलांच्या हाताकडे बघून ठरवा. प्रस्ताव चार पानांचा पुरे. नाव शिक्षकानं स्वतः देऊ नये. माजी विद्यार्थी, पालक, शेजारच्या शाळेतला सहकारी, कुणीही सुचवावं. मग दोन जणांनी अर्धा दिवस शाळेत जायचं, आदल्या दिवशी फोन न करता. फोन गेला की रांगोळी येते, फेटे येतात आणि मुलं 'स्वागतम्' म्हणत उभी राहतात.

गेल्यावर काय बघायचं? आधी प्रयोगवह्या. दहावीचा एक वर्ग घ्या आणि काचेच्या चिपेचा प्रयोग उघडा, म्हणजे टाचण्या लावून प्रकाशकिरण काचेत किती वाकतो ते मोजायचा. सगळ्या वह्यांत अपवर्तनांक (त्या वाकण्याचं माप) बरोब्बर १.५ आला असेल तर त्या वर्गात तो प्रयोग झालेला नाही, फळ्यावरून उतरवलेला आहे. हिशेब सोपा आहे. आपतन कोन ४०° असेल तर अपवर्तन कोन साधारण २५.४° येतो. कोनमापकावर एक अंशाची चूक कुणाचीही होते, आणि तेवढ्यानं उत्तर १.४५ किंवा १.५६ होतं. म्हणजे खऱ्या वर्गात आकडे विखुरलेलेच असणार. कुणाचा १.६ आला असेल आणि समोर लाल पेनानं 'टाचण्या किती अंतरावर होत्या?' असं लिहिलं असेल, तर तिथं थांबा. हा शिक्षक वह्या वाचतो. आपाती किरणावरच्या दोन टाचण्यांत निदान ५ सेंमी अंतर लागतं, नाहीतर रेषेची दिशा नीट ठरत नाही. पलीकडून बघताना टाचण्यांची डोकी जुळवायची नाहीत, बुडं जुळवायची, कारण टाचणी जराशी तरी कललेली असतेच. चिपेची कड बोथट पेन्सिलीनं आखली, किंवा मधेच चीप सरकली, तर पुढचं सगळं वाया. वर्गातल्या तीन-चार मुलांना एवढं विचारा. प्रयोग केलेलं पोरगं 'डोकी नाही सर, बुडं' असं पटकन बोलून जातं. पाठ केलेलं पोरगं व्याख्या सांगतं.

मग कपाट. चुंबकांची पेटी उघडा. पट्टीचुंबक जोडीनं ठेवलेत का, विजातीय ध्रुव एका बाजूला आलेत का, टोकांना मऊ लोखंडाच्या पट्ट्या लावल्यात का? चुंबक कसेही एकावर एक टाकले असतील तर काही वर्षांत इतके मंद होतात की लोखंडाच्या किसाची नक्षी उमटत नाही, मग शिक्षक ती फळ्यावर काढून दाखवतो. स्पिरिटच्या दिव्याची वात पांढरीशुभ्र असेल तर तो दिवा पेटलेला नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीचं बूच निघत नसेल तर जस्ताच्या दाण्यांवर ते कधी पडलं असेल, हे विचारायची गरज नाही.

आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या साहित्याची नोंदवही. पाच वर्षांत एकही परीक्षानळी फुटली नाही, हा गौरवाचा मुद्दा समजला जातो! काच मुलांच्या हातात दिली की ती फुटणारच. पण फुटली की निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा कागदी घोळ, ऑडिटचा प्रश्न, आणि शेवटी शिक्षकाच्याच खिशाला कात्री. त्यामुळे कपाटाला कुलूप हा शहाणपणा ठरतो. कुलूप उघडं ठेवणाऱ्याला हिंमत लागते. पुरस्काराच्या गुणपत्रिकेत फुटलेल्या काचेला गुण असावेत, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

तिसरी गोष्ट : पुस्तकाबाहेरचा एक साधा प्रश्न, तोही आपल्या मातीतला. मराठवाड्यात निम्म्या शाळांच्या आवारात बोअर असेल. मुलांना सांगा, हे पाणी किती जड आहे ते मोजून दाखवा. ५ ग्रॅम साबणाचा कीस ५०० मिली कोमट आरओच्या पाण्यात विरघळवायचा. झाकणाच्या बाटलीत ५० मिली बोअरचं पाणी, सिरिंजनं एकेक मिली साबणपाणी घालून हलवायचं, फेस दोन मिनिटं टिकेपर्यंत. तेच आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याबरोबर. बोअरच्या पाण्याला कितीतरी जास्त साबण लागतो आणि वर पांढरी साय धरते. आता पाणी दहा-पंधरा मिनिटं उकळून, गाळून पुन्हा मोजायचं. जितका साबण कमी लागला तितकी तात्पुरती दुष्फेनता (पाण्याचा जडपणा) गेली, उरली ती कायमची.

यात मुलं दोन ठिकाणी अडखळतात. एक, धुण्याची पावडर घेतात. डिटर्जंटला जड पाण्यातही फेस येतो, त्यामुळे फरकच दिसत नाही. दोन, उकळून आटलेलं पाणी तसंच मोजतात. ते आरओचं पाणी घालून पुन्हा ५० मिलीवर आणावं लागतं, नाहीतर क्षार दाटल्यानं आकडा फसवतो. मुलं चुकली तर गुण कापू नका. चुकल्यावर शिक्षक काय करतो ते बघा. उत्तर सांगून टाकतो, की 'दुसऱ्या साबणानं करून बघ' म्हणून बाजूला सरकतो? माझ्या लेखी अर्धे गुण इथंच आहेत.

दहावीच्या गुणांना या निवडीत अजिबात स्थान नको. विज्ञानाचे ४०-४० चे दोन पेपर लेखी, आणि उरलेले २० शाळेच्या हातात. ते २० कसे पडतात हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. लातूर पॅटर्नच्या भागात तर निकालाचं श्रेय शाळेला, क्लासला की मुलाच्या आईला द्यायचं, हेच ठरत नाही. विज्ञान प्रदर्शनाच्या ढालींचंही तेच. सिरिंजचा जेसीबी आणि ऑर्डर देऊन आणलेला स्मार्ट सिटीचा थर्माकोल दरवर्षी येतात. मॉडेलमधली एक वायर काढा आणि मुलाला परत जोडायला सांगा. परीक्षण तिथंच संपतं.

एक अन्याय मात्र टाळला पाहिजे. अनुदानित हायस्कूलची टाइल्सची प्रयोगशाळा, केंद्राच्या योजनेतली वीस लाखांची अटल लॅब असलेली शाळा आणि जिल्हा परिषदेची सातवी-आठवीपर्यंतची शाळा एका तराजूत तोलू नका. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) सहावी ते आठवीला विज्ञान-गणितासाठी निदान एक शिक्षक हवा. तो असला तरी मतदारयाद्यांचं काम करणारा बीएलओ तोच, तोच शालेय पोषण आहाराचा हिशेबनीस. त्याच्याकडे कपाट नसतं, खोकं असतं. त्या खोक्यात सलाईनची नळी, दोन भिंगं, टॉर्चचे सेल आणि हळदीचे कागद असतील आणि ते मुलांच्या हाताळण्यानं मळलेले असतील, तर त्याचा गट वेगळा करून त्याला पुरस्कार द्या.

परीक्षक शेजारच्या जिल्ह्यातले असावेत. बीडला परभणीचे, हिंगोलीला नांदेडचे. एक निवृत्त विज्ञान शिक्षक, एक कॉलेजात प्रात्यक्षिकं घेणारा. संघटनेचा पदाधिकारी नको, कारण मग पाळी लावून पुरस्कार वाटले जातात. भेटी डिसेंबर-जानेवारीत. जुलै-ऑगस्टात जाऊन काही दिसत नाही, शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते आणि वह्या तेव्हा कोऱ्याच असतात. नावं २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी जाहीर करावीत. समारंभ मात्र नंतर, कारण फेब्रुवारीअखेर हीच माणसं दहावी-बारावीच्या पर्यवेक्षणात अडकलेली असतात.

शाल-श्रीफळ द्याच, घरच्यांना बरं वाटतं. पण त्यासोबत त्या शाळेच्या प्रयोगशाळेला तीन वर्षं खर्चाची रक्कम द्या, रसायनं आणि काच यासाठीच, आणि फुटीची नोंद फक्त शिक्षकाच्या सहीनं मान्य व्हावी. शिवाय एक लेखी अट : पुरस्कार मिळाला म्हणून त्याला महिन्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून बाहेर बोलवायचं नाही. सध्या होतं ते उलटंच. चांगला शिक्षक सापडला की त्याला प्रशिक्षणांना जुंपतात, आणि त्याच्या नववीच्या वर्गाचा तास ऑफ जातो.

जिल्हा परिषदेत किंवा शिक्षण विभागात कुणी ओळखीचं असेल तर ही पोस्ट पुढे पाठवा. निकषांवर मतभेद असतील तर कॉमेंटमध्ये लिहा, विशेषतः फुटलेल्या काचेच्या गुणांवर.