चुलीला पोतेरं झालं!

आज सकाळपासून डोकं तापलंय आणि त्यात अकोल्याच्या उन्हाचा वाटा निम्माच आहे. उरलेलं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनं तापवलं.

झालं असं की ग्रुपवर कुणीतरी टाकलं, उन्हाळ्यात घरी करण्यासारखे हलकेफुलके शाकाहारी पदार्थ सुचवा, एकमेकींना आयडिया मिळतील. मला तर कल्पना एकदम आवडली, कारण मे महिन्यात "आज काय करू" हा प्रश्न माझ्याही डोक्यात भुंग्यासारखा फिरत असतो, पालेभाज्या धड मिळत नाहीत, मिळाल्या तर घरी येईपर्यंत माना टाकतात, गवार आणि दोडका बघून घरातले तोंड फिरवतात. पण सुचवलं काय लोकांनी? दुधीचे कोफ्ते. भरली भेंडी. दहीवडे, "एकदम थंडगार"! अहो, थंडगार खाणाऱ्याला. करणारी आधी कढईसमोर उभी राहून तळते ना ते. आणि एका काकांनी, ज्यांना घरात लायटर कुठे असतो हे माहीत नसावं अशी माझी दाट शंका आहे, त्यांनी लिहिलं, "उन्हाळ्यात साधंच बरं. पातळ भाजी आणि तव्यावरचे गरमागरम फुलके." त्यावर अंगठेच अंगठे.

मी लिहिलं दही-पोहे, काकडीची कोशिंबीर आणि सकाळचीच भाकरी. तर हसण्याच्या इमोजीसकट उत्तर आलं, "ताई, ही काय रेसिपी झाली का?"

झाली! ही रेसिपी झाली!!

फुलका साधा असतो हे कोणी ठरवलं? ४४ डिग्रीत फुलके करून बघा एकदा. कूलर हॉलमध्ये, त्याची हवा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन परत जाते. पंखा लावायचा नाही कारण ज्योत हलते. ओट्यासमोर पश्चिमेची खिडकी. आणि फुलका ही अशी गोष्ट की ती आधी करून ठेवता येत नाही, म्हणजे बाहेर सगळे जेवतायत आणि आत एक बाई लाटतेय, भाजतेय, फुगवतेय, पदरानं कपाळ पुसतेय, आणि बाहेरून आवाज येतो, "अजून एक आण गं, गरम."

मला अशा वेळी हमखास माझी दर्यापूरकडची आत्या आठवते. आत्याचा उन्हाळ्यातला स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकायचा. भाकऱ्या, वरण, एखादी भाजी, की लगेच चूल शेणामातीनं सारवून मोकळी, म्हणजे पोतेरं. पोतेरं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या चुलीत काडी जायची नाही. एकदा भर दुपारी एसटीनं आत्याचे चुलत दीर आले, घामाघूम, आणि हातपाय धुता धुता म्हणाले, "वहिनी, दोन गरम पोळ्या टाका." आत्या म्हणाली, "चुलीले पोतेरं झालं भाऊजी. आता ते उद्या सकाळीच पेटन. हाय ते वाढतो, बसा."

बस. एवढंच. आवाज चढवला नाही, कारण दिलं नाही, माफी मागितली नाही. मी तेव्हा लहान होते, मला वाटलं आता काहीतरी मोठं होणार.

आता तुम्ही म्हणाल उन्हाळ्यात शिळं खाऊ नये, ताजंच खावं. बरोबर आहे, आमच्याकडे सकाळचं वरण बाहेर राहिलं तर दुपारीच फेसाळतं, मान्य. पण म्हणूनच तर आपल्या बायांनी दही, ताक, कैरी, सातू, डाळं यांच्यावर उन्हाळा काढला ना! चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला काय असतं बघा. आंब्याची डाळ, म्हणजे हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, कैरी किसून घालायची, मिरची, मीठ, साखर, वरून हिंग-हळदीची फोडणी, ती फोडणी सोडली तर गॅसचा संबंध नाही. पन्ह्याला कैऱ्या एकदा उकडल्या की झालं. ओटीला भिजवलेले हरभरे. गावभरच्या बायका घरी येणार, महिना चैत्राचा, आणि जिनं हा मेनू ठरवला तिला ओट्यासमोर (तेव्हा चुलीसमोर) उभं राहणं काय असतं हे पक्कं ठाऊक होतं. आणि आम्ही तिच्या नाती दुधीचे कोफ्ते तळतोय.

बरं, रेसिपीच हवी ना? घ्या. जाडे पोहे धुवून निथळत ठेवायचे, मऊ झाले की थोडं दूध, मग दही, मीठ, चिमूटभर साखर, किसलेली कैरी. छोट्या कढल्यात तूप-जिऱ्याची फोडणी आणि त्यातच दोन सांडगी मिरच्या, काळपट होईपर्यंत. त्या मिरच्या पोह्यांत कुस्करायच्या, देठं काढून, आणि कढलं तसंच पोह्यांत बुडवायचं, चर्रर्र आवाज येतो आणि कढल्याला चिकटलेलं तूपही वाया जात नाही. गॅस चालू किती? फोनवर "हो, करते नंतर" म्हणेपर्यंत.

कोकणातली माझी एक मैत्रीण दडपे पोहे करते, पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, वर थोडं नारळाचं पाणी शिंपडून झाकून ठेवायचं. आमच्याकडे ओला नारळ महाग आणि निम्मे वेळा खवट निघतो, तर मी काकडी किसून तिच्या पाण्यात पोहे दडपते, कोकणवाल्यांनी नाकं मुरडू नयेत. सोलापूरची एक कलीग कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणि शेंगांची चटणी घेऊन येते, भाकरी चुरायची, दही घालायचं, चटणी, कच्चा कांदा, जेवण तयार. आणि शेजारच्या गुजराती काकूंचा छुंदा तर मला कमालच वाटतो, कैरीचा कीस आणि साखर, पातेल्याला कापड बांधून गच्चीवर, रोज ढवळायचं, पाक उन्हातच होतो. जे ऊन आपल्याला भाजून काढतं त्यालाच कामाला लावलं बाईनं. मूग भिजवले की या दिवसांत रातोरात मोड येतात, ते कच्चेच, कांदा-कैरी-लिंबू घालून. ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलेली आंबील, गार करून. महालक्ष्म्यांना निगुतीनं करतो की आपण, मग मे महिन्यात का आठवत नाही?

आणि चिवळ! ही उन्हाळ्यातली पालेभाजी विदर्भातल्या लोकांना सांगायला नको. निवडायला वैताग, बारीक पानं, मुळाशी माती, चार पाण्यांतून धुवा तरी दाताखाली कचकच. पण ते निवडणं कूलरसमोर बसून होतं. माझा हिशोब आता असाच झालाय, काम किती आहे हे मी बघत नाही, ते काम कुठे बसून होतं हे बघते. मुगाची डाळ आधी भिजवून ठेवली की चिवळ शिजायला फार वेळ लागत नाही, आणि ही भाजी गार झाल्यावर जास्त चांगली लागते.

आत्याच्या दिरांना त्या दिवशी काय वाढलं ते सांगायचं राहिलंच. गुळाच्या पाण्यात कालवलेलं सातूचं पीठ. गहू आणि डाळं भाजून, जिरं घालून दळलेलं, डबा भरून ती फाल्गुनातच करून ठेवायची, ऊन कडक व्हायच्या आत. बाजूला कैरी-कांद्याचा तक्कू, लाल तिखट आणि गूळ घातलेला. सकाळची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आणि माठातलं ताक. आता मला सांगा यात काय कमी होतं?

कमी होतं ते एकच. ते गरम नव्हतं, म्हणजे त्यांच्यासाठी त्या वेळी कुणी घाम गाळला नव्हता. मला हल्ली असं वाटतं की पाहुणचार आपण त्या घामानं मोजतो. थंड वाढलं की माणसाला वाटतं आपली कदर केली नाही.

जाऊ दे, जरा जास्तच बोलले असेन. माझ्या सासूबाईंनाही संध्याकाळी गरम मऊ भात लागतो, त्यांचे दात तसे आहेत आणि वय तसं आहे, आणि मी तो करते, कुरकुर न करता करते (बहुतेक वेळा). लहान मुलं, आजारी माणसं, त्यांचं वेगळं, हे काय मला कळत नाही का. वर्षातून एकदा अक्षय तृतीयेला आमरस, कुरडया, भजी सगळं साग्रसंगीत मीही करते आणि हौसेनं करते. नवरा रस काढतो, कोयी चोखण्याच्या बोलीवर. हौस आणि रोजचं यात फरक आहे एवढंच म्हणणं आहे.

हे टाइप करता करताच ग्रुपवर त्याच काकांचा अजून एक मेसेज आलाय. "पूर्वीच्या बायका न थकता करायच्या." घ्या! आलेली शांतता परत गेली. कोणत्या बायका काका? आमची आत्या पूर्वीचीच होती. आणि तिच्या त्या एका वाक्याची गोष्ट आमच्या घरात कुणी कौतुकानं सांगत नाही बरं का. दीर जेवले, ताक दोनदा मागून घेतलं, आणि गावी जाऊन सांगितलं की आमच्या वहिनीनं शिळ्यावर बोळवण केली. आत्याच्या सासूनं ते पुढे कितीतरी वर्षं काढलं, लग्नाकार्यात, चार बायकांत. आत्या ऐकून घ्यायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत सकाळी आठला पोतेरं.

न थकता म्हणे.

आणि ज्यांच्या घरी पोळ्यांना मावशी येतात त्यांनी पण जरा ऐका. आमच्याकडच्या मावशी आमच्याआधी दोन घरं करून येतात, दुपारी बारापर्यंत तव्यासमोरच. मी एप्रिलपासून त्यांना सकाळी सातला बोलावते, पोळ्यांऐवजी भाकऱ्या आणि त्याही एकाच वेळच्या, पगार तोच. यावर एका मैत्रिणीनं विचारलं, पगार तोच कशाला, काम कमी झालं ना? मी उत्तर दिलं नाही. अजूनही सुचत नाहीये काय द्यावं, सभ्य शब्दांत.

तर आता इथे मला तुमच्या आयडिया हव्यात, मनापासून. उन्हाळ्यातले, शाकाहारी, रोजच्या जेवणातले पदार्थ. कोशिंबिरींचे प्रकार टाका, मेतकुटाचं काय काय करता ते टाका, खानदेश-मराठवाड्यावाल्यांनी तर टाकाच. अट एकच, पदार्थाच्या नावाआधी गॅस किती मिनिटं चालू राहतो ते लिहायचं. दहीवडेवाल्यांनी तळण्याचा वेळ धरायचा. आणि स्वयंपाकाला मावशी असतील तर त्या उभ्या राहतात ती मिनिटं लिहायची, आपली नाही.