पुण्याच्या प्लेगचे कागद उघडे, त्यावरचा पेपर कुलपात

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चाललाय. काही जण म्हणतात वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे देशभरातल्या संस्थांसाठी संशोधनाची जर्नल्स एकत्र विकत घ्यायच्या योजनेत, सरकारनं 6,000 कोटी परदेशी प्रकाशकांच्या घशात घातले, काही जण म्हणतात आता सगळं फुकट मिळतंय तरी पोरं वाचत नाहीत, आणि मध्येच कोणीतरी साय-हब, म्हणजे कुलपातले पेपर (शोधनिबंध) फुकट देणारी साइट, काढतं, की दिल्ली हायकोर्टानं ऑगस्ट 2025 मध्ये ती साइट ब्लॉक करायला लावली ते बरंच झालं, चोरी ती चोरीच. मी एडिनबरात राहतो, युनिव्हर्सिटीत नोकरी करतो, त्यामुळे "तुला काय, तुझ्याकडे सगळे डेटाबेस आहेत" हे ऐकावं लागतं. आहेत, खरंय. पण इथे राहून जे दिसतं ते त्या वादात कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहितोय.

पैशाचं आधी. योजना 2025 ते 2027 अशी तीन वर्षांची, 30 प्रकाशक, जवळजवळ 13,000 जर्नल्स, आणि लाभ मिळणारे विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक मिळून साधारण 1.8 कोटी. भागाकार केला तर माणशी वर्षाला 1,100 रुपयांच्या आसपास येतं, आणि एक सुटा पेपर विकत घ्यायला गेलं तर 30-40 डॉलर सहज लागतात. त्यामुळे पैसे पाण्यात गेले हे मला पटत नाही.

पण ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांपुरतीच आहे. पुण्यात विद्यापीठ झालं, आयसर, एनसीएल अशा केंद्राच्या विज्ञानसंस्था झाल्या, आणि विनाअनुदानित खाजगी कॉलेजात शिकणारी ती हजारो पोरं? ती बाहेरच. मग "पोरं वाचत नाहीत" कोणाबद्दल म्हणताय?

माझी भाची अशाच एका कॉलेजात एमए करतेय, विषय 1897 चा पुण्यातला प्लेग. गंमत बघा, म्हणजे खरं तर वाईट वाटतं, की तिला लागणारे मूळ कागद, मुंबई इलाख्यातल्या प्लेगचे सरकारी रिपोर्ट, इथल्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडनं स्कॅन करून जगाला उघडे ठेवलेत. ब्रिटिश इंडियाच्या वैद्यकीय इतिहासाचा अख्खा संग्रह आहे, लॉगिन नाही काही नाही, कोथरूडमध्ये बसून वाचता येतो. जुनी पुस्तकं तिला गोखले इन्स्टिट्यूटच्या गाडगीळ ग्रंथालयानं ऑनलाइन टाकलेल्या संग्रहात मिळाली, ते काम खरोखर मोठं आहे आणि पुण्यातच किती जणांना माहीत नाही. शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध ठेवणाऱ्या साइटवर, पीएचडीचे प्रबंध मिळाले. अडलं कुठे, तर त्याच प्लेगवर गेल्या काही वर्षांत इतिहासकारांनी जे पेपर लिहिलेत तिथे. पहिलं पान दिसतं, पुढे कुलूप.

मग फोन, "मामा, तुझा पासवर्ड दे ना, कोणाला कळतंय." नाही दिला. लायसन्स माझ्या नावावर असतं, आणि दुसऱ्या देशातून धडाधड डाउनलोड सुरू झाले की प्रकाशक कधीकधी सगळ्या युनिव्हर्सिटीचाच ॲक्सेस थांबवतात, त्यात इथल्या पोरांचं नुकसान. तिला जेस्टोरवर, म्हणजे जर्नल्सचा मोठा संग्रह असलेल्या साइटवर, स्वतःचं फुकट अकाउंट काढायला सांगितलं, महिन्याला 100 पेपर ऑनलाइन वाचता येतात, आणि बाकीच्यांसाठी लेखकांनाच मेल कर म्हटलं. लेखक पाठवतात हो, आनंदानं पाठवतात. पण हे सगळं एका मुलीला सांगायला मामा होता, बाकीच्यांना कोण सांगणार?

इथेही सगळं आलबेल नाहीये. डिग्री संपली की थोड्याच दिवसांत लॉगिन बंद, मग ज्यानं भरमसाट फी भरली तोही बाहेरचाच. फरक एका गोष्टीत आहे. ब्रिटनमधल्या युनिव्हर्सिट्या प्रकाशकांशी जो नमुना करार वापरतात त्यात वॉक-इन युजर नावाची सोय असते, म्हणजे विद्यार्थी नसलेला माणूस लायब्ररीत चालत आला तर ठरलेल्या कॉम्प्युटरवर बसून बरेचसे डेटाबेस वाचू शकतो. आणि स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या कोणालाही नॅशनल लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं, त्यावर कितीतरी डेटाबेस घरून उघडतात. कुठल्या कॉलेजचा, कितवी पास, कोणी विचारत नाही, फक्त पत्ता विचारतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका आठवल्या, तिथे महिन्याचे पैसे भरून पोरांना खुर्ची मिळते, चार्जिंग पॉइंट मिळतो, वायफाय मिळतं, आणि त्या वायफायवर वाचायला एक जर्नल नाही.

म्हणून साय-हब चोरी की न्याय यावर मी भांडत नाही. ज्याला हक्काचा दरवाजाच नाही त्याला खिडकीतून येऊ नको सांगायचा आपल्याला काय अधिकार, एवढंच मला वाटतं. दरवाजा करा की आधी. गणेशखिंडीच्या ज्या गव्हर्नरच्या बंगल्यातला समारंभ आटोपून निघालेल्या, प्लेगच्या बंदोबस्ताचा अधिकारी असलेल्या रँडवर 22 जून 1897 च्या रात्री गोळी झाडली गेली, त्याच आवारात आज विद्यापीठ आहे आणि जयकर ग्रंथालय आहे. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या पोरानं आयकार्ड दाखवावं आणि तिथे बसून प्लेगवरचा पेपर वाचावा, यासाठी नवी इमारत लागत नाही. थोडे कॉम्प्युटर लागतील, करारात एक स्पष्ट कलम लागेल, आणि शोधायचं कसं हे पोरांना शेजारी बसून दाखवणारा एक ग्रंथपाल. हा शेवटचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपल्याकडे ग्रंथपालाला पुस्तकं मोजायला आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, फायली भरायला बसवतात.

आत्ताचा करार 2027 अखेर संपतोय, म्हणजे पुढच्याची बोलणी त्याच्या आधीच होणार. ग्रुपवर प्राध्यापक आहेत, सिनेटच्या निवडणुकीत धावपळ करणारे आहेत. 6,000 कोटी जास्त की कमी हे नंतर बघू, हे वॉक-इनचं कलम विद्यापीठाकडून लेखी मागायला लागा, मसुदा करायला मी रात्री जागायला तयार आहे.