सरांचं एक मिनिट

"चार ओळी आहेत. दुसरीतल्या पोराला कळतील!" प्रमोदसरांनी फोनमधला फोटो सगळ्यांपुढे नाचवला. लाँचवरच्या लाइफ जॅकेटवरची सूचना. सर निवृत्त झाले तरी फळा सुटलेला नाही. "दोष लोकांचा. वाचतच नाहीत."

"कसे वाचतील? छापलीय पाठीवर," दिन्या म्हणाला. "एकदा घातलं की पुढच्याची पाठ वाचायची. सगळ्यांत पुढच्याने काय, समुद्र वाचायचा?"

दिन्या मांडव्याच्या लाँचवर खलाशी. नीलकमल ही प्रवासी बोट मुंबईजवळ बुडाल्यापासून ओरडून ओरडून त्याचा घसा बसलाय. लोक घालतात म्हणजे खांद्यावर टाकतात. बकल लावलंच तर पट्टा ओढत नाहीत. "सैल जॅकेट पाण्यात सरकून कानापर्यंत येतं. जॅकेट वर, माणूस खाली."

"विमानात तरी काय?" निनाद बोलला. तो बोटीवर असतो, सध्या सुट्टीवर. "२००९ला हडसन नदीत उतरलं त्यात दीडशेवर माणसं. कमरेचा पट्टा नीट बांधलेले चारच निघाले. आमच्याकडे कसोटीच वेगळी. कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात जॅकेट द्यायचं, सांगायचं नाही, दाखवायचं नाही. शंभरात पंचाहत्तर जणांनी मिनिटाच्या आत बरोबर घातलं पाहिजे. नाहीतर जॅकेट नापास."

"जॅकेट! माणूस नाही," दिन्याने लगेच उचललं. "ऐकलंत ना सर? नववीला अर्धा वर्ग गणितात उडाला, तेव्हा तुम्ही आमचेच कान पिळलेत."

"तुला अजून त्रैराशिक येत नाही!"

"तेच म्हणतोय. शिकवलं कोणी?"

बंड्याला चहाचा ठसका लागला. सर चिडले. दिन्याच्या डिकीत एक जॅकेट होतंच, पट्टा शिवायला आणलेलं. निनादने मोबाइलवर मिनिट लावलं.

सरांनी आधी चष्मा पुसला. मग पहिली ओळ खड्या आवाजात वाचली. डोकं घातलं. दुसरी ओळ वाचायला जॅकेट परत काढलं. पुन्हा घातलं, तर बकल एकीकडे आणि पोट भलतीकडे.

"वहिनींच्या मोदकांचा दोष, सर. तुमचा नाही," बंड्या.

"मिनिट संपलं!"

"अरे, पण हे लहान मुलांचं आहे!" सर जॅकेटच्या आतून ओरडले.

"कॉलरवर लिहिलंय की, ४३ किलोच्या आतल्यांसाठी," दिन्या शांतपणे म्हणाला. "वाचलं नाहीत?"

हसता हसता बंड्या कट्ट्यावरून खाली घसरला. चहाचे पैसे सरांनीच दिले, पण जॅकेट काढायला दोघं लागले.