आर्सेनिक मोजायला सोन्याचे नॅनोकण कशाला?

नमस्कार. पाण्यातलं विषारी आर्सेनिक ओळखणाऱ्या सेन्सरवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘नॅनो म्हटलं की शोधनिबंध छापून येतो. ग्लुकोमीटरची पट्टी नॅनोशिवाय घरोघरी पोचली. आर्सेनिकसाठी प्रयोगशाळा आहेत, नमुना तिकडे पाठवा.’

तुमच्या रागाला आधार आहे. २०२० मध्ये रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी ग्राफीनमध्ये (कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ थरात) चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळली आणि ते साध्या ग्राफीनपेक्षा चांगलं उत्प्रेरक ठरतं हे दाखवलं. काहीही मिसळून निबंध लिहिण्याच्या सवयीवरच त्यांचा रोख होता. ग्लुकोजबद्दलही तुमचं बरोबर. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी एन्झाइमचा इलेक्ट्रोड मांडला, त्यात साखर नेमकी ओळखण्याचं काम एन्झाइमच करतं. शिवाय रक्तात साखर भरपूर असते, लिटरला साधारण १ ग्रॅम.

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या साखरेच्या एक लाखाव्या भागाइतकी. इतकं थोडं थेट मोजता येत नाही, आधी गोळा करावं लागतं. इलेक्ट्रोडला ऋण व्होल्टेज देऊन आर्सेनिक त्यावर बसवायचं, मग व्होल्टेज धन बाजूला नेत ते सोडवायचं आणि त्या वेळी वाहणारा प्रवाह मोजायचा. शिशासाठी पारा उत्तम होता, पण आर्सेनिक पाऱ्यात फारसं विरघळत नाही. सोन्यावर ते छान बसतं. म्हणजे सोनं निवडलं ते रसायनशास्त्रासाठी. त्याचे कण केले की कार्बनच्या स्वस्त छापील पट्टीवर अगदी थोडं सोनं पुरतं, आणि सुट्या कणाकडे आयन चहूबाजूंनी येतात.

‘पृष्ठभाग वाढला म्हणून संवेदनशीलता वाढली’ हे वाक्य मात्र मलाही खटकतं. पृष्ठभागाबरोबर नको असलेला बॅकग्राउंड प्रवाहही वाढतो. कण दाटीने बसले तर त्यांची विसरणाची क्षेत्रं, म्हणजे ज्या भागातून प्रत्येक कणाकडे आयन येतात ते भाग, एकमेकांत मिसळतात आणि सगळा थर सपाट इलेक्ट्रोडसारखा वागू लागतो. त्यामुळे कणांच्या आकाराइतकंच त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं.

आता प्रयोगशाळेचं. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. बंगालमधल्या कित्येक कूपनलिकांचं पाणी जमिनीखाली ऑक्सिजनविना असतं आणि त्यात विरघळलेलं लोह असतं. हवा लागली की ते लोह गंजाच्या रूपात खाली बसतं आणि आर्सेनिकलाही ओढून नेतं. लोह विरघळलेलंच राहावं म्हणून बाटलीत घालायचं आम्ल राहून गेलं, तर प्रयोगशाळेत वरचं पाणी चांगलं ठरू शकतं! पंपापाशीच मोजायला हवं, आणि तिथे आज किट असतं ते मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदाचं. पाण्यातल्या आर्सेनिकपासून तयार केलेल्या आर्सिन वायूने त्यावर पडलेल्या डागाचा रंग डोळ्यांनी जुळवायचा. मर्यादेच्या जवळपास हा अंदाज सहज चुकतो, आणि त्या अंदाजावर एक कुटुंब वर्षानुवर्षं पाणी पितं.

सेन्सरच्या उणिवाही गंभीर आहेत. तांबं सोन्यावर आर्सेनिकसोबतच बसतं आणि मापात ढवळाढवळ करतं. आर्सेनिकचं तीन संयुजेचं रूप इलेक्ट्रोडवर सहज बसतं, पण पाच संयुजेचं आधी रासायनिक क्षपण केल्याशिवाय सहसा बसत नाही. फक्त पहिलं मोजून पाणी सुरक्षित म्हणणारं उपकरण मला नको आहे. ज्या निबंधात कूपनलिकेचं खरं पाणी, दोन्ही रूपांची बेरीज आणि त्याच नमुन्याचा आयसीपी-एमएसवरचा (प्रयोगशाळेतल्या अचूक मापनयंत्रावरचा) आकडा नाही, त्याच्यावर तुम्ही जरूर तुटून पडा, मी तुमच्या बाजूने असेन.